उपटून पाहिलेली कांडी

फाल्गुनाचे ताम्रवर्ण ऊन माळावर उतरले होते. पिवळे गवत, पिवळे आभाळ, पिवळी धूळ. आणि त्या पीतवर्ण पसाऱ्यात हौसाच्या वाफ्याचा ओला, काळाभोर तुकडा. तिथे तिने चाऱ्यासाठी हत्तीगवताच्या कांड्या लावल्या होत्या.

माहेरी भावाने मोळी बांधून दिली होती. कांडीच्या पेरावरचा एक डोळा मातीत, एक डोळा वर, एवढेच त्याने बजावले होते. पण शेंडा कुठला नि बुडखा कुठला? पाने सोललेली, कोयत्याने दोन्हीकडून छाटलेली वीतभर कांडी! बाई गं, दोन्ही टोके सारखीच. हौसा गोंधळली, आणि त्या गोंधळातच सारी लावण उरकली.

कडबा सरत आला होता. गोठ्यात चांदी होती. पारडू असताना हौसाने माहेराहून आणलेली, आता कृष्णवर्ण, मंदगती, गाभण म्हैस. मंगळवारपर्यंत गवताने जीव धरला तर ठेवू, नाहीतर बाजारात न्यावीच लागेल, असे तिचा नवरा गेनू म्हणाला होता.

मग रोज अरुणोदयी ती वाफ्यात जाई. कांडी उपटी, उजेडात धरी, उलटी करी, सुलटी करी. कालची बाजू बरोबर की आजची? काही केल्या उमगेना. पुन्हा खोवी, पुन्हा पाणी घाली. उद्या पुन्हा तेच, परवा पुन्हा तेच. ती माती बिचारी कधी स्वस्थ म्हणून राहिलीच नाही.

मंगळवार उजाडला. गेनूने चांदीचे दावे सोडले तशी हौसा वाफ्याकडे धावली. बांधालगत, दगडाआड एक कांडी तिच्या नजरेतून सुटली होती. तिने ती ओढली. माती सोडेना. पुन्हा ओढली, आणि बुडाशी दिसली दुग्धधवल, केसाएवढी मुळे. निम्मी तुटून मातीतच राहिलेली.

हसावे की रडावे, तिला कळेना. मागे गेनू दावे धरून उभा होता.

"ही लागली हुती," ती म्हणाली. "समद्याच लागल्या असत्या. म्याच उपटल्या."

गेनूने वाकून ती मुळे पाहिली. मग त्याने ती कांडी घेतली, मातीत खोवली, भोवतीची माती टाचेने हलकेच दाबली.

"आता हात लावू नगं," तो म्हणाला. "आठ दिस तरी." आणि म्हशीला घेऊन गोठ्याकडे वळला.

हौसा तिथेच उभी राहिली. ऊन चढले, वारा पडला, माती निवांत झाली. आणि मातीने भरलेले आपले दोन्ही अनावर हात तिने पदराखाली घट्ट, घट्ट धरून ठेवले.