हरवलेल्यांची रांग

भुताने नोकरी सोडली, तिथून सगळं सुरू झालं.

भूत पगारी होतं. पार्कातल्या अंधाऱ्या बोगद्यात पांढरा झगा घालून ते दबा धरून बसायचं आणि गाडी जवळ आली की माणसांच्या तोंडासमोर येऊन किंकाळी फोडायचं. त्या दिवशी त्याने जीव खाऊन किंकाळी फोडली, तर गाडीतलं गिऱ्हाईक मान वर न करता म्हणालं, "जरा बाजूला व्हा हो, वायफाय अडतंय." भूत झगा खांद्यावर टाकून तडक मालकाच्या खोलीत गेलं. "साहेब, मेलेल्या माणसालाही थोडा मान लागतो," एवढं बोलून जे बाहेर पडलं, ते परत फिरकलं नाही.

मालकाच्या जिव्हारी लागलं. त्याने स्वतः पार्कात फेरी मारली. रोलर कोस्टरमध्ये माणसं उलटी लटकली होती आणि लटकल्या लटकल्या फोनवर त्याच रोलर कोस्टरचा व्हिडिओ पाहत होती. दुसऱ्या सकाळी फाटकावर पाटी लागली: फोन इथे ठेवा, मजा आत करा. येणाऱ्याचा फोन कापडी पिशवीत घालून फळीवर ठेवायचा आणि त्याच्या हातात बिल्ला द्यायचा. वायफायवाल्याला तारा तोडायचा हुकूम झाला. त्याने त्या इतक्या मनापासून तोडल्या की हरवलेल्यांची नावं पुकारणारा पार्कातला भोंगाही मुका झाला. दोन्हींच्या तारा एकाच डब्यातून जात होत्या.

दुपारपर्यंत अर्ध्या पार्काला उरलेला अर्धा पार्क सापडेना. कुठे भेटायचं हे आधी ठरवून ठेवायची सवय माणसांना राहिली नव्हती. एक नवरा-बायको पाठीला पाठ लावून उभे होते आणि एकमेकांना शोधत होते. एक सासूबाई भलत्याच सुनेचा हात धरून फाटकाशी आल्या. दोघींचं इतकं छान जमलं होतं की चूक सांगायला कुणीच तयार होईना.

तेव्हा तिकीट खिडकीतली बाई उठली आणि पाण्याच्या टाकीचा जिना चढली.

तिचं बालपण नदीकाठी गेलं होतं. पलीकडच्या नावाड्याला कसं बोलवायचं ते आईने शिकवलं होतं. साधी हाक वाऱ्यात विरते, चालीत बांधली की वाऱ्यावर बसून जाते. तिने ओठांभोवती तळवे धरले.

"लाल पिशवीच्या ताई, कुठं गुंतलं पाऊल,
दाराशी तुमचा भाऊ, कधीचा घेतो चाहूल!"

सगळा पार्क थबकला. माणसांनी कितीतरी दिवसांनी माना वर केल्या. लाल पिशवीवाल्या ताई लगबगीने आल्या, भावाला पाहून म्हणाल्या, "अरे, मी इथेच तर होते!" आणि कारण नसताना डोळे पुसायला लागल्या. त्या दिवसापासून बाईचं नाव हाकवाली पडलं. तिकीट खिडकीत दुसरी बसली.

दोन-चार दिवसांनी टोपी घातलेले एक आजोबा जिन्याखाली येऊन उभे राहिले.

"मला हाक मारता का?"

"तुम्हाला कोण शोधतंय, आजोबा?"

"कोणी नाही. म्हणून तर म्हणतोय."

हाकवालीने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. "मग तिकडे झाडामागे जाऊन हरवा बघू," ती म्हणाली. आजोबा मन लावून हरवले.

"पांढऱ्या टोपीचे आजोबा, गर्दीत कुठं हो गेला,
तुमच्यावाचून बागेचा, जीव थोडा थोडा झाला!"

आजोबा झाडामागून आले ते असे, की लग्नातला नवरदेवही इतक्या तोऱ्यात चालला नसता. पाहणाऱ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. आपल्यालाही असं कोणी बोलवावं!

मग रांग लागली. माणसं आत यायची ती थेट हरवायला. घरातल्यांची वाटणी व्हायची: तू हरव, मी शोधतो, मग मी हरवतो. पहारेकरी काठीने हद्द आखायचा, "हरवलेले इकडे! सापडलेले तिकडे! मधे कोणी घुटमळायचं नाही!" तक्रारी तर विचारू नका. "माझ्या जावेला दोन ओळी आणि मला एकच?" "हिला देखणी म्हणालात, मग मला टकलू का?" एक तरुण रोज यायचा आणि हाक झाली की विचारायचा, "किती जणांनी ऐकली असेल?" कुणाच्या तोंडून फोनचा फ निघेना. काहीजण तर फोन न घेताच घरी गेले. फळीवरचे फोन आपापसात वाजत राहिले.

मालक खूश. पण पार्काच्या टोकाला एक माणूस मात्र झुरत होता. तो हाकवालीचा नवरा, पाळणेवाला.

आकाशपाळणा त्याच्या हाताखाली होता. एरवी माणूस मुलखाचा घुम्या, पण पाळण्याशी तासन्‌तास बोलायचा. कुठला सांधा कुरकुरतो, कुठल्या डब्याला थंडी बाधते, सगळं त्याला ठाऊक. आता पाळण्याकडे चिटपाखरू येईना. त्याला कारणही तसंच होतं. वर गेलं की वारा कानांत शिरतो आणि खालचं काही ऐकू येत नाही. आपण वर असताना आपली हाक झाली तर? एवढा धोका कोण पत्करणार?

"अहो, जेवून तरी घ्या," हाकवाली म्हणायची.

"त्याच्या पोटात कोणी नाही आणि मी जेवू?" नवरा वर बघून म्हणायचा.

एका सकाळी मालक दोन फिटर घेऊन आला. त्यांच्या हातात नट खोलायचे पाने होते.

"हा काढायचा," मालक पाळण्याकडे बोट करून म्हणाला. "हरवलेल्यांना उभं राहायला जागा पुरत नाही. इथे छानपैकी कठडे लावू. आणि तुम्ही," तो पाळणेवाल्याला म्हणाला, "तोंड पाडू नका. तुम्हाला बायकोच्या रांगेवर ठेवतो. माणसं सरळ ओळीत हरवतात की नाही, एवढंच बघायचं."

पाळणेवाल्याने पाळण्याच्या खांबावर हात ठेवला, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. हाकवालीच्याच हाकेपायी नवऱ्याचा पाळणा आडवा होणार होता.

"मालक, आजचा दिवस द्या. संध्याकाळी पाळणा भरलेला दिसला तर?"

"भरलेला दिसला तर राहू दे," मालक हसला. "फिटरभाऊ, तोवर चहा घ्या."

ती धावत टाकीवर गेली.

"चला चला गं आयाबाया, चला दादा आणि भाऊ,
आकाशपाळण्यात बसून, ढगाला शिवून येऊ!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकजणही हलला नाही. "सुरेख!" खालून कोणी ओरडलं, "आता माझी घ्या! मी कधीचा हरवलोय!"

तिने परत हाक घातली. गोड बोलून पाहिलं, शपथा घालून पाहिल्या, एकेकाला हेरून बोलावलं. ज्याला बोलावलं तो जिन्याशी येऊन हजर व्हायचा, सापडल्याचा आनंद घ्यायचा आणि पुन्हा रांगेच्या शेपटाला लागायचा. उन्हं कलली. ती हाका घालत राहिली आणि एका हाकेच्या मधेच तिचा घसा बसला. ओठ हलले, आवाज आला नाही.

खाली हलकल्लोळ उडाला. "गेली! रेंज गेली!" माणसं हात वर करून इकडेतिकडे फिरू लागली, कुठे थोडंफार ऐकू येतंय का बघत. कोणी म्हणालं टाकीच्या मागे जरा बरं येतंय, तर सगळे टाकीमागे. पहारेकऱ्याने वायफायवाल्याला ओढत आणलं. त्याने जिना चढून हाकवालीला आ करायला लावलं आणि तोंडात बॅटरी मारली.

"सिग्नल आहे," तो गंभीरपणे खाली ओरडला, "पण भिंतीपलीकडे जाणार नाही. एकदा बंद करून चालू करून बघा."

हाकवालीने त्याला बाजूला सारलं आणि ती जिना उतरली. गर्दी तिच्या मागे. "बाई, निदान माझं अर्धं तरी!" "बाई, नुसतं 'ए' म्हणा!" तिने मागे पाहिलं नाही. ती थेट पाळण्यापाशी गेली. फिटर पाने परजून उभे होते. मालक घड्याळ पाहत होता. नवरा खांबाला पाठ लावून बसला होता.

तिला त्याला पुष्कळ काही सांगायचं होतं. मी हरले, हेही सांगायचं होतं. पण तोंडातून नुसती हवा येत होती, आणि भोवती एवढा गलका की ती हवाही त्याच्या कानापर्यंत पोचेना. तिने त्याचा हात धरला, समोरच्या डब्यात त्याला ढकललं आणि स्वतः शेजारी बसली.

"अगं, दांडा कोण धरणार?" तो म्हणाला. तिने मालकाकडे बोट दाखवलं. मालकाला काही कळायच्या आत दांडा त्याच्या हातात होता. पाळणा हलला, सावकाश, झोपेतून उठावा तसा.

वर गलका विरला. वारा होता, पण डबा एवढासा आणि माणसं जवळजवळ. तिने त्याच्या कानाला तोंड लावलं आणि कुजबुजली. खालून सगळ्यांना दिसलं, हाकवालीचे ओठ हलतात आणि तो मुलखाचा घुम्या माणूस हसतो.

"काय म्हणाली?" खाली एकच चर्चा. "तिने त्याला हाक मारली! कानात!"

"कानातली कशी असते हो?"

कुणालाच ठाऊक नव्हतं. लाल पिशवीवाल्या ताई परत आल्या होत्या. त्यांनी भावाचं मनगट धरलं. "चल रे. आपणच बघू." दोघं पुढच्या डब्यात चढले. दारं बंद झाली, डबा वर गेला, आणि वर जाता जाता ताई भावाच्या कानाशी वाकल्या. त्याबरोबर बांध फुटला. सासू-सून चढल्या, त्या भलत्याच जोडीतल्या. पाठीला पाठ लावून उभं राहणारे नवरा-बायको प्रथमच समोरासमोर बसले. टोपीवाल्या आजोबांनी एकटं बसायला नकार दिला. तेव्हा रोज किती जणांनी ऐकलं म्हणून विचारणारा तरुण त्यांच्या शेजारी जाऊन बसला. त्याचं ऐकायला आता एकच माणूस होतं, पण तो पुरता गुंगून बोलत होता. फिटरांमधला थोरला धाकट्यावर महिनाभर रुसलेला होता. त्याने पाना खाली ठेवला आणि म्हणाला, "चल बस. एक सांगायचंय."

एकही डबा रिकामा राहिला नाही. आकाशपाळणा कुजबुजत फिरू लागला, जशी पोळ्याभोवती मधमाशांची गुणगुण.

खाली दांडा धरून मालक एकटाच उरला. बघायला कोणी नाही, ऐकायला कोणी नाही, दांडा सोडावा तर माणसं वर लटकलेली. त्याने मान वर केली आणि तळवे ओठांशी धरायचा प्रयत्न केला. पण एक हात दांड्यावर, म्हणून हाक एकाच बाजूने सांडत होती.

"अहो पाळणेवाले! खाली या! नको काढायला पाळणा! राहू दे! उद्या सकाळी याला तेल घाला, एक सांधा कुरकुरतोय!"

वर पाळणेवाल्याने कानावर हात धरला. "काय ओरडतोय तो?"

हाकवालीचे कान नदीकाठचे. तिने शब्दन्‌शब्द ऐकला होता. ती त्याच्या कानाशी वाकली आणि सांगितलं.

"काय? नीट ऐकू आलं नाही."

तिने पुन्हा सांगितलं.

"अजून एकदा सांग," तो म्हणाला. खाली मालक घसा फोडत होता, आणि पाळणा आणखी एका फेऱ्याला लागला.