भरपाईचा माणूस

फॅक्समधून सरकत आलेला कागद नोमोतोने ओढून घेतला, कपाळावरचा चष्मा नाकावर आणला आणि वाचून झाल्यावर कागद उलटा करून पाहिला. मागची बाजू कोरी होती. पुढच्या बाजूला अकिताच्या क्लबचा लाल शिक्का होता आणि मधोमध एकच नाव.

तेरासावा इकुओ. कॅचर. वय पस्तीस.

"कोणाला उचललं?" खिडकीशी उभ्या असलेल्या हाकामाताने विचारलं. हाकामाता या बेसबॉल क्लबचा कारभारी. जन्मात चेंडू हातात घेतला तो फोटोपुरता, पण माणसं घेण्या-देण्याच्या बाबतीत शेवटचा शब्द त्याचाच.

"तेराला."

"तेरासावा?" हाकामाता वळला आणि चक्क हसला. "अरे वा! मग स्वस्तात सुटलो की. मी म्हटलं, एखादा पिचर जातोय हातचा."

नोमोतोने कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली. नाव तेच होतं.

डिसेंबरात ताकामात्सुच्या या क्लबने अकिताचा सगळ्यात मोठा फटकेबाज वाजतगाजत आणला होता. त्याच्या कराराची वर्षं संपली होती, तो आपल्या मर्जीने आला. पण नियम असा की, ज्याचा माणूस गेला त्याला पैसे तर द्यायचेच, वर एक माणूसही द्यायचा. घेणाऱ्याने आपले अठ्ठावीस खेळाडू राखायचे, त्यांची यादी गुपचूप कळवायची, आणि उरलेल्यांतून समोरच्याने हवा तो उचलायचा. वर्तमानपत्रवाले त्याला 'माणसाची भरपाई' म्हणतात. शेजाऱ्याची काच फुटली की देतात तशी. उचललेल्याने नाही म्हटलं, तर त्याचा खेळ तिथेच संपला.

क्लबच्या खेळाडूंचे करार नोमोतो पाहायचा, म्हणून यादी त्यानेच केली होती. सत्तावीस नावं एका बैठकीत झाली, अठ्ठाविसाव्यापाशी तो तीन दिवस अडून बसला. एका बाजूला वीस वर्षांचा डावखुरा पिचर; त्याचा चेंडू सुटला की पाहणाऱ्याच्या पोटात खड्डा पडायचा. दुसऱ्या बाजूला तेरा. शेवटी त्याने डावखुऱ्याचं नाव लिहिलं. पस्तिशीचा कॅचर, उजव्या गुडघ्यातून दर पंधरा दिवसांनी पाणी काढावं लागतं. त्याला कोण नेणार? असा विचार करून त्याने यादी पाठवली आणि त्यानंतर चांगला जेवलाही होता. ते जेवण आता आठवत होतं.

कारण नोव्हेंबरात, करार नवा करायच्या दिवसांत, याच टेबलापलीकडे तेरा सूट घालून बसला होता. पगार तिसऱ्या हिश्शाने कापलेला. अशा वेळी बाकीचे खेळाडू ओठ चावतात, शिक्का न मारताच उठतात, बाहेर पत्रकारांना सांगतात की विचाराला वेळ हवा. तेराने आकडा वाचला नाही.

"नोमोतोसान, एवढंच सांगा. अंगातला हा गणवेश इथेच उतरवायला मिळेल ना?"

"माझा शब्द. एक-दोन वर्षं खेळ, मग पिचरांना शिकव. इथून तुला कोण हलवतंय?"

तेराने खिशातून सहीऐवजी मारायचा शिक्का काढला, त्यावर फुंकर घातली आणि दाबून उमटवला.

शब्दाला तेवढं वजन होतं, कारण नोमोतोच्या पिचर म्हणून शेवटच्या तीन वर्षांत त्याचे चेंडू झेलणारा तेराच होता. खांद्यातला जीव गेलेला, चेंडू नुसता येऊन पडायचा. पण तेव्हा विशीतला तेरा तो हातमोज्याच्या नेमक्या खळग्यात असा घ्यायचा की फाडकन आवाज घुमावा आणि वरच्या पायऱ्यांवर बसलेल्यांना वाटावं, म्हाताऱ्यात अजून दम आहे. त्या आवाजावर नोमोतोने दोन वर्षं जास्तीची खाल्ली.

हाकामाता खोलीबाहेर गेल्यावर नोमोतोने अकिताला फोन लावला. पलीकडे शिबुए होता, त्यांचा करारांचा माणूस. एका काळी दोघं एकमेकांविरुद्ध खेळलेले.

"शिबुएसान, कागद मिळाला. एक सांगायचं होतं... हे मी सांगितलं असं नको. त्याचा उजवा गुडघा—"

"गेलाय. माहीत आहे."

"माहीत आहे?"

"आम्हाला डोळे आहेत, बाबा. आठव्या डावानंतर खाली बसताना तो जमिनीला हात लावतो." शिबुए चहा पीत असावा, घोट ऐकू आला. "बसायला कोण सांगतंय त्याला? बाकावर बसेल. तुमचे अकराच्या अकरा पिचर त्याच्या डोक्यात आहेत. वर्षाला पंचवीस सामने तुमच्याशी खेळायचे आम्हाला. डोक्याला काही सूज येत नाही."

नोमोतोने घडी घातलेला कागद टेबलावर ठेवला.

"मनाला लावून घेऊ नका," शिबुए म्हणाला. "तुम्हीच उघडा ठेवलात."

रीत अशी की खेळाडूला फोन करायचा आणि 'उद्या दहा वाजता सूट घालून या' एवढंच सांगायचं. ऑक्टोबरात हे वाक्य आलं की नारळ मिळाला, हे बायका-मुलांनाही कळतं. नोमोतोने तेराचा नंबर दोनदा अर्धा दाबला. मग कोट अंगात घातला आणि चालत निघाला.

तेराच्या बायकोने, फुमिएने, मंदिरामागच्या गल्लीत उदोनचं, म्हणजे जाड शेवयांचं, दुकान थाटून महिना होत आला होता. आठ माणसं बसतील एवढंच. नोमोतोचा शब्द घरी पोचला त्याच आठवड्यात तिने गाळ्याची अनामत भरली. सकाळची गर्दी ओसरली होती. कोपऱ्यात एक म्हातारा तेवढा शेवया ओढत बसला होता आणि आतल्या दाराकडे पाहून टोमणे मारत होता.

"ए तेरासावा! जूनमध्ये तो चेंडू पायांतून सोडलास, तशी कणीक सोडू नकोस!"

"आजोबा, तुम्हाला अजून जून आठवतोय? काल वाडगं घेऊन पैसे न देता गेलात ते आठवत नाही वाटतं!" आतून उत्तर आलं.

म्हातारा खूश होऊन खोकला. क्लब हरायला लागला की हे दुकान जास्त चालेल, असं फुमिए सगळ्यांना सांगायची. शिव्या द्यायला माणसाला भरल्या पोटी जोर येतो.

तिने नोमोतोला पाहिलं. मग त्याचा टाय पाहिला. नऊ जानेवारीला, खेळ बंद असताना, क्लबच्या कचेरीतलं कुणी कुणाच्या दारी येत नाही. तिने एक वाडगं भरलं, वर कांद्याची पात जरा जास्तच टाकली.

"आधी खाऊन घ्या, नोमोतोसान."

"नको, मी—"

"गार झालं की त्यात राम राहत नाही."

त्याने दोन घास घेतले. ते गिळताना ती पाहत उभी राहिली आणि मग म्हणाली, "आत आहेत."

आत तेरा कापडात गुंडाळलेली कणीक पायांनी तुडवत होता. इकडे उदोनची कणीक तशीच मळतात. मोजे घातलेले, दोन्ही हात भिंतीच्या दांडीवर, आणि सगळा भार डाव्या पायावर. उजवा नुसता टेकवत होता, सोबतीला दिल्यासारखा.

"नोमोतोसान! या. व्यायाम चाललाय. फुमिए म्हणते, तुम्ही इतके जड आहात की मळायच्या यंत्राचे पैसे वाचतात."

"तेरा. अकिताने तुझं नाव कळवलंय."

पाय एकदाच थांबले आणि परत सुरू झाले. बाहेर फुमिएने नळ बंद केला. म्हाताऱ्याचा ओढण्याचा आवाजही थांबला, नाणी वाजली, दार सरकलं.

"अकिता," तेरा म्हणाला. "तिकडे आता छपरापर्यंत बर्फ असेल."

"मी तुला शब्द दिला होता."

"हो."

"यादी मी केली."

"ती तुम्हीच करता, माहीत आहे." त्याने कणकेची घडी पायाने उलटवली. "माझ्या जागी डावखुऱ्याला ठेवलंत ना?"

यादीतलं नाव बाहेर सांगायचं नसतं. 

"मीही त्यालाच ठेवलं असतं," तेरा म्हणाला. "एक विचारतो, खरं सांगा. मला कोणी नेणार नाही, असं वाटलं ना तुम्हाला?"

नोमोतो कमरेत वाकला. डोक्यावरचे विरळ केस तेराला दिसतील एवढा वाकला आणि तसाच राहिला.

"वाटलं."

"हं. मलाही वाटलं असतं." तेरा दांडी सोडून खाली उतरला, भिंतीला धरत पिठाच्या पोत्यावर बसला आणि उजवा पाय हाताने उचलून सरळ केला. "त्यांच्याकडे तीन कॅचर आहेत. गुडघा असा. म्हणजे त्यांना हे हवंय." त्याने पिठाळ बोट कपाळाच्या बाजूला टेकवलं. तिथे पांढरा ठिपका राहिला.

शिबुए फोनवर हेच म्हणाला होता. 

फुमिए दारात येऊन उभी होती. "मी इथेच राहते," ती नवऱ्याला म्हणाली. "गाळ्याचा करार तीन वर्षांचा आहे. तुम्ही सुटीला या." आवाज साधा होता, भाजीचं काहीतरी ठरवावं तसा. "मी आई झाल्यावर तरी तुम्ही घरी असाल म्हणून..." एवढं बोलून ती ओशाळली, कारण आई या शब्दाची अजून कुणाला खबर नव्हती.

तेराने मान वर केली. "नोमोतोसान, हिला चौथा महिना आहे," असं म्हणून तो हसला. आनंदाची बातमी द्यायची तर हसायचं असतं, म्हणून हसावं तसा.

"अभिनंदन," नोमोतो म्हणाला. याहून वाईट वाजलेला शब्द त्याने कधी ऐकला नव्हता.

तेराने पिठाळ हात मांडीवर पुसले. मग त्याने विचारलं, "पेन आहे?"

"कशाला?"

"एक फेब्रुवारीला सराव सुरू होतो. पहिल्या आठवड्यातच ते मला खोलीत बसवतील, पडद्यावर सामने लावतील आणि तुमच्या एकेका पिचरचा चेंडू आधीच कसा ओळखायचा ते विचारतील. मी ज्याचं मीठ खाईन त्याच्याशी खोटं बोलणार नाही, नोमोतोसान. विचारलं ते सगळं सांगेन." त्याने गुडघा चोळला. "पण आज नऊ तारीख आहे. अजून मी तुमचा आहे. लिहून घ्या."

नोमोतोने वही काढली.

"कांबे. खाली बुडणारा चेंडू टाकायचा असला की त्याचा हातमोजा इतका जास्त उघडतो." त्याने दोन बोटांचं अंतर दाखवलं. "दोन बोटांत चेंडू बसवायला त्याला जागा लागते. सरळ चेंडूलाही तेवढाच उघडायला सांगा. महिनाभर केलं तर सवय होईल. ओगुरी. वळणाऱ्या चेंडूआधी तो श्वास घेऊन धरतो, खांदे वर चढतात. त्याला सांगताना रागावू नका, रागावलं की तो अजूनच धरतो. लिहिलंत?"

"लिहिलं."

"डावखुरा. टोपीला हात लावतो. एकदा लावला तर सरळ, दोनदा लावला तर हळू. हे त्याला स्वतःलाच माहीत नाही. मी ऑगस्टपासून पाहतोय, हंगाम संपला की सांगणार होतो."

पेन झरझर चालत होतं. हस्ताक्षर बिघडत होतं, पण वाचता येईल इतपत होतं. चौथ्या नावावर नोमोतो थांबला.

"तेरा, हे सगळं आम्ही सुधारलं, तर मेपर्यंत तुझ्याकडे त्यांना सांगायला काही उरणार नाही. ऑक्टोबरात ते तुला—"

"ऑक्टोबर अजून लांब आहे."

"तुला तिकडे ठेवतील ते यावरच."

"म्हणून तर आज सांगतोय. उद्या सुचलं तर धीर होणार नाही."

फुमिए दारातून दोन पावलं आत आली. तिने ओले हात पदरासारख्या बांधलेल्या फडक्याला पुसले, बराच वेळ पुसले. नवऱ्याकडे तिने पाहिलं नाही.

"नोमोतोसान," ती म्हणाली, "हे लिहून नाही घेतलंत तर चालणार नाही का?"

नोमोतोचं पेन कागदावरून उचललं गेलं. अकरांपैकी चार झाले होते. क्लबचे पंचवीस सामने, हाकामाताचं हसणं, आणि समोर पिठाच्या पोत्यावर सरळ ठेवलेला एक पाय. तिने उत्तराची वाट पाहिली. उकळत्या पाण्यावरचं झाकण खडखडेपर्यंत पाहिली, मग ते उतरवायला बाहेर गेली.

"मियाके," तेरा म्हणाला.

नोमोतोने पान उलटलं.