दालवाबाईंनी आधी आपलं बोट टोचलं

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. दवाखान्यात मला मायक्रोस्कोप म्हणतात, गावकरी सरळ दुर्बीण म्हणतात. माझी कशालाच ना नाही. जन्म अंबाल्याचा. रेल्वेनं चंद्रपूरला आलो आणि तिथून एसटीच्या टपावर बसून आलापल्लीजवळच्या एका छोट्या धर्मादाय दवाखान्यात. माझ्या पायाशी आरसा आहे. खिडकीतलं ऊन त्यावर पडलं की माझं काम सुरू.

मित्रांनो, तिथं मला खैरुननं सांभाळलं. ती रक्त तपासायचं शिकून आलेली. जंगलाचा मुलूख, त्यामुळे ताप आला की मलेरिया, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं. दिवसभर मी मलेरियाचे जंतू दाखवायचो. खैरुन माझी तारीफ करायची आणि मला ती आवडायची.

१९९८च्या पावसाळ्यात डॉक्टर दालवाबाई आल्या. त्या ब्राझीलच्या. त्यांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून गुलाम करून तिकडे नेलं होतं. काळा रंग, दाट कुरळे केस, मोठ्यानं हसायची सवय. रक्ताच्या आजारांवर त्यांच्या देशात त्यांचा शब्द मानला जाई. वर्षभर त्या इथं शिकवणार होत्या.

त्याच आठवड्यात आशाबाई आपल्या रंजीताला घेऊन आल्या. पोरीचे हातपाय ठणकत होते, डोळे पिवळे होते.

"धानाचा रोवना लागला का हिचं दुखनं येते," आशाबाई म्हणाल्या. "चिखलात उतरली का रडते. सारं गाव कामचोर म्हनते. मीबी मारलं हिले."

दरवर्षी रंजीताला मलेरियाच्या गोळ्या मिळत. दालवाबाईंनी तिचं रक्त मागितलं, तेव्हा आशाबाईंनी तिचा हात मागं ओढला.

"आधीच पिवळी पडली पोरगी. अजून रगत काऊन काढून राह्यल्या?"

खैरुननं ते मोडक्या इंग्रजीत सांगताच दालवाबाईंनी सुई घेतली आणि आधी आपलं बोट टोचलं. मग रंजीतानंही बोट पुढं केलं. दोघींचे थेंब दोन काचपट्ट्यांवर घेऊन त्यांत प्राणवायू शोषून घेणारं औषध घातलं. काचेच्या कडा हवाबंद करायला खैरुननं पर्समधलं नेलपॉलिश काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आशाबाईंनी स्वतः माझ्या भिंगाला डोळा लावला.

"हे तं इळे हायेत!"

दोन्ही काचांवर रक्ताच्या गोल पेशी वाकून विळ्यासारख्या झाल्या होत्या.

दालवाबाईंचं ऐकून खैरुन म्हणाली, "बाईंच्यात हे एकाच बाजूनं आलं, म्हनून त्या धडधाकट. त्यांच्या भावाले माय-बाप दोघांकडून आलं. तो उसाच्या वावरात मटकन बसून जाये. लोकं त्याले आळशी म्हनत. लहानपनीच गेला."

आशाबाई रंजीताचे पाय मांडीवर घेऊन चोळत बसल्या. मला त्या वेळी फार वाईट वाटलं.

पक्की तपासणी नागपूरला झाली. सिकलसेल, म्हणजे विळ्यासारख्या पेशींचा आजारच निघाला. तो जाणार नव्हता, पण गोळ्या, भरपूर पाणी आणि थंड चिखलापासून लांब राहणं, एवढ्यानं दुखणं कमी होणार होतं. दालवाबाई खैरुनला सारं शिकवून मायदेशी गेल्या.

पुढच्या पावसाळ्यात, रोवणा म्हणजे भाताची लावणी चालू असताना, खैरुननं आशाबाईंच्या गावात शिबिर घेतलं. मी पेटीतून गेलो होतो. रक्त द्यायला कुणी पुढं येईना. तेवढ्यात आशाबाई चिखलाच्या पायांनी भाताच्या बांधीतून आल्या. त्यांनी बोट पुढं केलं.

"आधी माह्यं घ्या," त्या म्हणाल्या आणि बायांकडे वळल्या. "माही पोरगी आळशी नव्हती वो. म्या उगाच मारलं तिले."

मग हळूहळू रांग लागली.

आता दवाखान्यात नवं यंत्र आलं आहे आणि मी कपाटात आहे. मित्रांनो, भिंगाला बुरशी लागते, जमलं तर कधी मला ऊन दाखवा. नाही जमलं तरी चालेल. पण एखादं मूल दुखतंय म्हणालं, तर त्याच्यावर हात उगारण्याआधी जरा थांबून बघा.