बाण गेटकडे

चढावर गाडी बंद पडली, तशा मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, "चढला बघ दादू. जरा दम खाऊ दे त्याला, मग चल."

सूनबाईने हँडब्रेक ओढला आणि समोर बघत बसली. गाडी नेहमी इथेच बंद पडायची. दवाखान्याकडे जाणारा चढ जिथे दगडी भिंतीला धरून वळतो, तिथे. आधी खोकल्यासारखा आवाज, मग एक-दोन गचके, मग चिडीचूप. आणि गाडी गप्प झाली की छतातला छोटा दिवा लागायचा. दार नीट लागलेलं नसलं की लागतो, तो दिवा. दार कुठलं, तर तिच्या शेजारच्या सीटचं. त्या सीटवर तर कोणीच नसायचं.

दाराची कडी सैल झाली आहे, गचका बसला की दार सुटतं, हे तिला कळत होतं. कळत असूनही मान वळवून त्या सीटकडे बघायचा धीर होत नव्हता. हात लांबवून, नजर समोर ठेवून ती दार ओढून घ्यायची.

दादू म्हणजे तिचा नवरा. गेल्या हिवाळ्यात एका दुपारी त्याच्या छातीत कळ आली. ती कामावर होती. "दवाखान्यात जाऊन येतो गं आई," एवढं बोलून त्याने स्वतःच गाडी काढली. संध्याकाळी दवाखान्यातून सुटलेल्या एका नर्सला या वळणावर उभ्या गाडीत दिवा जळताना दिसला, म्हणून ती वाकून बघायला गेली. तो गाडीत होता. पण स्टिअरिंगपुढे नव्हता, शेजारच्या सीटवर होता. दार अर्धवट लागलेलं. कोणी तरी येईल, गाडी हाकेल आणि आपल्याला वर नेईल, अशी वाट बघत बसल्यासारखा.

तो त्या सीटवर का गेला, याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. सासूबाईंनी मात्र आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं. त्यांना एक दिवसाआड डायलिसिसला वर न्यावं लागे. पहिल्यांदा गाडी त्या वळणावर अडली, तेव्हाच त्या म्हणाल्या होत्या, "त्याच्यासाठीच थांबली." तेव्हापासून त्या दुसऱ्या गाडीत पाय ठेवायला तयार नव्हत्या. नणंदेने फोनवर समजावलं, रागावली, रडली. म्हातारी ढिम्म हलली नाही.

त्या दिवशी मात्र गाडीने दम खाण्यात फारच वेळ घेतला. वर पोचेपर्यंत मशीनवर दुसरा पेशंट गेला होता. सासूबाईंना बाकावर ताटकळत बसावं लागलं. पाय सुजून खांबासारखे झाले होते, आणि प्रत्येक श्वास ओढून घ्यावा लागत होता. तिथल्या सिस्टरने सूनबाईला बाजूला घेतलं.

"परत असा उशीर झाला ना, तर मला बोल लावू नका. छातीत पाणी भरलं की मग धावपळ करूनही उपयोग नसतो. गाडी बदला, नाहीतर दुरुस्त करा."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे गेली. मिस्त्रीने सगळं ऐकून घेतलं. सपाटीवर धड चालते, चढावर मान टाकते, जरा थांबलं की परत सुरू होते.

"फिल्टर, वहिनी. पेट्रोलचा फिल्टर. चढावर गाडीला जास्त प्यायला लागतं, आणि हिच्या घशात बोळा अडकलाय. आणा गाडी, हातासरशी बदलून देतो."

"गाडीला दुसऱ्याचा हात लागलेला आईंना चालत नाही. मागे तुम्ही नुसतं टायर बघायला वाकलात, तर काठी घेऊन आल्या होत्या."

"ते वळ अजून आहेत पाठीवर," मिस्त्री म्हणाला. "मग तुम्हीच बदला. भाजी चिरता येते ना? त्याहून सोपं आहे."

त्याने डब्यातून नवा फिल्टर काढला. मुठीएवढी पत्र्याची डबी, दोन्ही टोकांना नळी, आणि अंगावर ठसठशीत बाण.

"आधी पेट्रोलच्या पंपाचा फ्यूज काढायचा आणि गाडी चालू करायची. पाइपातलं पेट्रोल संपलं की आपोआप मरेल. मग बॅटरीची तार काढायची. इंजिन गार होऊ द्यायचं. आणि हे बघा, बाण इंजिनाकडे. पेट्रोल मागून टाकीतून येतं, पुढे इंजिनात जातं. बाण तसाच. आणि जवळपास विस्तव नको. सिगारेट ओढत असाल तर आजचा दिवस सोडा."

"धूर सोडायला मी काय तुमच्या दुकानासमोरचा सायलेन्सर आहे?"

मिस्त्री हसला. तिलाही किती तरी दिवसांनी हसू फुटलं, आणि घराच्या गेटपर्यंत येता येता विरून गेलं.

पोर्चमध्ये गाडी उभी होती, भिंतीकडे तोंड करून, एखाद्या रुसलेल्या माणसासारखी. नवरा गाडी नेहमी उलटी आत घ्यायचा, तोंड गेटकडे. सकाळी निघताना सरळ बाहेर. तिला रिव्हर्स जमत नसे. गेटच्या खांबाला एकदा घासल्यापासून तिने कानाला खडा लावला होता. ती नाक भिंतीकडे करूनच गाडी लावायची, आणि निघताना जीव मुठीत धरून गेटातून मागे घ्यायची.

तिने बॉनेट उचललं. आतून त्याचा वास आला. पेट्रोल, ग्रीस, आणि तो हात धुवायला वापरायचा त्या साबणाचा. बॉनेटच्या आतल्या बाजूला धुळीत पाच बोटं उमटली होती. तिने आपला पंजा त्यावर धरून बघितला, पण टेकवला नाही.

फ्यूज काढून तिने चावी फिरवली. इंजिन सुरू झालं, थोडा वेळ गुरगुरलं, मग तोच खोकला, तेच गचके. चढावर ती ऐकायची तोच आवाज, आणि तो आता घरातच. शेवटी एक हिसका आणि शांतता. तिने वर बघितलं, छतातला दिवा जळत होता.

मग लक्षात आलं, तिचंच दार उघडं होतं.

"काय करतेस गं?" पायरीवरून आवाज आला. सासूबाई भिंत धरत धरत बाहेर आल्या होत्या.

"फिल्टर बदलते, आई. गाडी परत बंद पडायला नको."

सासूबाई पायरीवर बसल्या. त्या रागावल्या असत्या, काठी उगारली असती, तर बरं झालं असतं. त्या हळूच म्हणाल्या, "मग तो कुठून चढणार?"

तिने बॅटरीची तार सोडवली, इंजिन गार होईपर्यंत गाडीच्या मडगार्डवर हात ठेवून उभी राहिली, आणि मनातल्या मनात तोच प्रश्न उलटसुलट करत राहिली. म्हातारीला भ्रम झालाय, असं ती नणंदेला सांगायची. पण चढावर गाडी थांबली की तिचा स्वतःचा कान शेजारच्या सीटकडे लागायचा, हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. दार ओढून घेताना कधी कधी ते पलीकडून कोणी सोडल्यासारखं हलकं यायचं. गाडी नीट झाली, तर तेही गेलं. आणि गाडी नीट झाली नाही, तर म्हातारी जाईल. दोघांतलं एकच हाताला लागणार होतं.

पाइपाच्या क्लिपा गंजल्या होत्या. पकडीने दाबून सरकवताना बोटाची साल निघाली. पहिला पाइप सुटला, तसा आतून सुस्कारा बाहेर पडला. इतका माणसासारखा, की तिने पटकन हात मागे घेतला. खाली ठेवलेल्या डब्यात पेट्रोल ठिबकायला लागलं.

आणि तिला नवऱ्याचा आवाज आठवला. आठवला म्हणायचं, पण आला तो खिडकीतून यावा तसा. तो फिल्टर बदलायचा तेव्हा ती स्वयंपाकघरात असायची, आणि तो बाहेर आपल्याशीच गुणगुणायचा, "बाण गेटकडे, बाई, बाण गेटकडे." चष्मा लागल्यापासून त्याला बारीकसारीक नीट दिसत नसे, पण चष्मा घालून काम करायची लाज वाटायची. मग हे असले ठोकताळे.

जुन्या फिल्टरवरची धूळ तिने चिंधीने पुसली. बाण दिसला. गेटकडेच होता.

"बरोबर आहे तुमचं," ती पुटपुटली. नवा फिल्टर तिने तसाच धरला, बाण गेटकडे. पाइप अडकवणार, इतक्यात मिस्त्रीचं बोलणं मध्ये आलं. बाण इंजिनाकडे.

इंजिन भिंतीकडे होतं. गेटकडे होती टाकी.

ती फिल्टर हातात धरून तशीच उभी राहिली. नवरा गाडी उलटी लावायचा तेव्हा इंजिन गेटकडे असायचं, आणि बाण गेटकडे म्हणजे इंजिनाकडेच. वर्षानुवर्षं ते बरोबर होतं. पण शेवटच्या वेळी, तो जायच्या थोडेच दिवस आधी, गाडी तिने लावली होती. नुकतीच चालवायला शिकली होती ती. नाक भिंतीकडे करून लावून आली, आणि तो हसून म्हणाला होता, "राहू दे, तशीच करतो." डोळ्यांनी बघायचं सोडून त्याने तोंडातल्या ओळीवर काम केलं. फिल्टर उलटा बसला.

सपाटीवर चालली गाडी. हळूहळू घसा धरत गेली. आणि त्या दुपारी, छातीत कळ घेऊन तो चढाला लागला, तेव्हा त्या वळणावर गाडीने मान टाकली.

आता तिला दिसलं. त्याने चावी फिरवून बघितली असेल, परत परत. मग हातातली ताकद गेली असेल. मग तो बाजूला सरकला. दार उघडून उतरायला बघितलं असेल, ते जमलं नाही. किंवा खरंच, बायको येईल, नुकतीच शिकली आहे, ती चालवेल, म्हणून तिच्यासाठी जागा करून दिली असेल.

ती बंपरवर टेकली.

"काय झालं गं?" सासूबाई म्हणाल्या.

"आई, हे तिथे चढायला थांबलेले नाहीत," ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. "यांना वर जायचंय. दवाखान्यात. अजून पोचलेच नाहीत ते."

सासूबाईंनी काठी जमिनीवर आडवी ठेवली.

तिने फिल्टर फिरवला. बाण भिंतीकडे. पाइप दाबून बसवले, क्लिपा सरकवल्या, ओढून बघितल्या. बॅटरीची तार लावली, फ्यूज बसवला. मिस्त्रीने सांगितलं नव्हतं तरी जोडावर कोरडी चिंधी फिरवून बघितली. ओल नव्हती. चावी फिरवताच गाडी खाकरली, आणि मग सुरळीत बोलायला लागली.

सकाळ ढगाळ होती. सासूबाई मागे, पिशवी त्यांच्या मांडीवर, शेजारची सीट रिकामी. ती सीट कोणी वापरत नसे, सामान ठेवायलासुद्धा नाही. चढ सुरू झाला. ती कान देऊन ऐकत होती. खोकला आला नाही. गचका आला नाही. दगडी भिंत आली, वळण आलं, आणि गाडी जणू काही झालंच नाही अशी वर चढत राहिली.

"अगं थांब!" सासूबाई किंचाळल्या. "उभा आहे तो! थांब!"

तिने ब्रेक दाबला. या जागेवर गाडी पहिल्यांदाच कोणी तरी थांबवली होती. इंजिन चालू होतं. तिने हात लांबवला, शेजारचं दार उघडलं, आणि या वेळी मान वळवून बघितलं.

सीट होती. पलीकडे भिंत होती, भिंतीवर ओल होती. छतातला दिवा पिवळा जळत होता.

"बसा," ती म्हणाली. "मीच चालवते."

चढावर उघडलेलं दार आपल्याच वजनाने मागे आलं आणि टेकलं. हलकं, अर्धवट. तो असंच लावायचा, आणि ती दर वेळी ओरडायची. तोंडातून आपोआप गेलं, "अहो, जोरात लावा की!"

दार लागलं. खाडकन, पुरतं. दिवा विझला.

तिने मागे बघितलं नाही. पहिला गिअर टाकला, आणि वरपर्यंत कुठेही न थांबता गाडी नेली. दवाखान्याच्या दारात उतरली, ती आधी सासूबाईंच्या दाराकडे गेली नाही. वळसा घालून शेजारचं दार उघडलं, धरून उभी राहिली. सासूबाई आतून बघत होत्या. मग सासूबाईंनी मान हलवली, आणि तिने दार लावलं.

मशीनवर त्यांची जागा रिकामीच होती. सिस्टर म्हणाली, "आज सूर्य कुठून उगवला?"

परतताना वळणावर सासूबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या, पण थांब म्हणाल्या नाहीत. जरा पुढे गेल्यावर त्यांनी पिशवी पुढे केली. "ठेव गं ती पुढे. मांडीला रग लागली." तिने ती शेजारच्या सीटवर ठेवली.

गेटपाशी आल्यावर तिने गाडी रस्त्यावर थांबवली, सासूबाईंना उतरवून पायरीवर बसवलं, आणि गाडी वळवून रिव्हर्स टाकला.

"अगं, खांब!" सासूबाईंनी काठी उगारली. "ये, ये... अजून ये... डावीकडे, अगं तुझ्या डावीकडे! हां. ये."

एकदा पुढे घेऊन, परत मागे घेऊन, घामाघूम होत, तिने गाडी आत घातली. खांब वाचला. तिने चावी काढली. समोर काचेतून उघडं गेट दिसत होतं, आणि गेटापलीकडे रस्ता.

"बाण गेटकडे," ती म्हणाली, त्याच चालीवर. मग उतरली, आणि दार जोरात लावलं.