आलमारीतलं कार्ड

माया घोडेस्वारला मशीनची भीती कधी वाटली नाही. तीस वर्षं सिस्टर म्हणून काढलेली बाई, ईसीजीपासून ऑक्सिजनपर्यंत सगळी यंत्रं तिच्या हाताखालून गेलेली. पण बँकेच्या क्रेडिट कार्डाशी मात्र तिचं सूत जमलं नाही. ते तिने मागितलंही नव्हतं. एक गोड बोलणारी पोरगी इस्पितळात येऊन अख्ख्या स्टाफच्या गळ्यात कार्डं मारून गेली, त्यात एक हिच्याही वाट्याला आलं. अडीअडचणीला असू दे म्हणून तिने ते आलमारीत साड्यांखाली ठेवून दिलं, बँकेच्याच कागदी पाकिटात, नुसती सोनेरी कड बाहेर दिसेल असं.

पिन कुठला ठेवायचा हा प्रश्न तिच्या सासऱ्यांनी सोडवला. घरात, गल्लीत, सगळीकडे त्यांना दादाजीच म्हणतात. "आपला आकडा टाक नं वं बाई," ते म्हणाले. "इसरायचं कामच नाही." आपला आकडा म्हणजे एकोणीसशे छप्पन. त्या वर्षी दसऱ्याला दादाजी आपल्या बापाच्या खांद्यावर बसून दीक्षेला गेले होते. तेव्हा दूरवर पांढऱ्या कपड्यांशिवाय काही दिसलं नाही, पण बाबासाहेबांचा आवाज ऐकला, हे ते आजही डोळे पुसत सांगतात. तो आकडा मग घराचाच झाला. मायाचा नवरा होता तेव्हा स्कूटरला हाच नंबर मिळावा म्हणून आरटीओत जास्तीची फी भरून आला होता. नवरा गेला, स्कूटर राहिली, नंबर राहिला.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी ती सकाळची ड्युटी संपवून घरी आली. ड्युटीवर फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो, त्यामुळे सकाळपासूनचे मेसेज तिने आता उघडले. बँकेचे दोन होते. तिच्या क्रेडिट कार्डावर वर्धा रोडच्या एटीएममधून वीस हजार काढले होते, आणि लगेच पुन्हा वीस हजार. वेळ सकाळी सातची.

पायातली चप्पल न काढताच ती आलमारीकडे गेली. साड्या बाजूला सारल्या. पाकीट जागेवर होतं, सोनेरी कडही जागेवर. क्षणभरच तिला बरं वाटलं. कार्ड घरात आहे, मग पैसे काढले कोणी?

स्वयंपाकघरात जाऊन, दार ओढून घेऊन तिने बँकेला फोन लावला. तिकडच्या पोराने कार्ड बंद केलं आणि मग पाठ केल्यासारखे प्रश्न विचारले. कार्ड कुठंय? आलमारीत. पिन कोणाला सांगितला होता? बाहेर कोणालाच नाही. "मॅडम, पिन पहिल्याच वेळी बरोबर टाकला आहे," तो म्हणाला. "कार्ड तुमच्याजवळच आहे म्हणता, तर घरातल्या माणसांना एकदा विचारून बघा. आणि तीन दिवसांच्या आत पोलिसांत तक्रार द्या, म्हणजे एटीएमच्या कॅमेऱ्यातला चेहरा बघता येईल."

घरात माणसं होती किती? दादाजी काठी टेकत फाटकापर्यंत जातात, तेवढीच त्यांची दौड. राहिला धम्मदीप, तिचा एकुलता एक. मिहानमधल्या कंपनीत रात्रपाळी करायचा आणि सकाळी सातला सुटायचा. येताना वर्धा रोडवरूनच यायचा. पिन त्याला माहीत होता, कार्ड कुठे असतं तेही माहीत होतं. रात्री जाताना न्यायचं, सकाळी आल्यावर परत ठेवायचं, एवढंच तर काम.

हे सगळं मायाच्या मनात आलं आणि तिला स्वतःचीच शिसारी आली. पण आलेलं काही मनातून जाईना. कारण दोन वर्षांपूर्वीचं ती विसरली नव्हती. धम्मदीप तेव्हा मोबाइलवर पैशाचा कुठला तरी गेम खेळायचा. घरात पत्ताच नव्हता, ज्यांच्याकडून उधार घेतलं होतं ती पोरं दारात उभी राहिली तेव्हा कळलं. मायाने मंगळसूत्रातल्या वाट्या मोडून त्यांना वाटेला लावलं. धम्मदीप दादाजींच्या पायावर डोकं ठेवून रडला होता, पुन्हा कधी नाही म्हणाला होता. घराने विश्वास ठेवला. न ठेवून कुठे जाणार?

आतल्या खोलीत कूलर घुरघुरत होता आणि धम्मदीप भिंतीकडे तोंड करून झोपला होता. त्याची पाठीवरची बॅग खुंटीला टांगलेली. माया दारात उभी राहिली. पेशंटच्या उशाशी जाताना चालायची तशी, चोरपावलांनी ती आत गेली आणि बॅगेची चेन एकेक दात सोडवत उघडली. डबा, चार्जर, घामट रुमाल. तिने डबाही उघडून पाहिला. पॅन्टचे खिसे चाचपले. काही नव्हतं. काही नव्हतं याचाही तिला धीर वाटला नाही, कारण पैसे काय कोणी खिशात घेऊन झोपतो? धम्मदीप जरासा हलला, तशी ती भिंतीला चिकटली. घाम तिच्या कपाळावरून डोळ्यांत उतरला. आपल्याच घरात, आपल्याच लेकराच्या खोलीत ती चोरासारखी उभी होती.

त्या दिवसापासून तिच्या जेवणाला चव राहिली नाही. ती धम्मदीपकडे बघायची नाही आणि तो दिसला की बघितल्याशिवाय राहवायचं नाही. त्याचा फोन वाजला की ती भांडी घासायची थांबायची. तो हळू बोलला की ती नळ बंद करून कान द्यायची.

"काहून वं माया, कोण्या विचारात आहे तू?" दादाजींनी विचारलं. "वरणात मीठच नाही आज."

"गरमीनं होऊन राहिलं, दादाजी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धम्मदीप कामावर निघताना बुटाच्या नाड्या बांधत म्हणाला, "आई, तो कोर्स लावतो म्हणत होतो नं मी, त्याच्या फीची सोय झाली. आता तुले मागत नाही."

"कुठून झाली?" तिने विचारलं. आवाज आपलाच आहे असं तिला वाटलं नाही.

"झाली न. ओव्हरटाइमचे भेटले." तो मान वर न करता बोलला आणि गेला.

माया तिथेच उंबऱ्यावर बसली. ओव्हरटाइमचे भेटले असतीलही. खरं सांगणारं पोरही असंच बोलतं आणि खोटं सांगणारंही असंच, मग आईने ओळखायचं कशावरून? तक्रार दिली तर पोलीस कॅमेरा बघणार. कॅमेऱ्यात तो दिसला तर त्याची नोकरी गेली, जन्म गेला, दादाजी तर ऐकूनच जातील. आणि नाही दिली तर? मागच्या वेळी ती वेळेवर बोलली असती तर ती पोरं दारात आली नसती, असं तिला तेव्हापासून वाटत आलं होतं. चोर बाहेरचा असावा, एवढंच तिला हवं होतं. पैसे बुडाले तरी चालतील, पण चोर बाहेरचा असावा.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिने आलमारीतलं पाकीट जसंच्या तसं पर्समध्ये टाकलं आणि घरात मार्केटला जाते म्हणून सांगितलं. स्कूटर सुरू करायला तिला चार किका माराव्या लागल्या. गाडी ठीक होती.

सायबर पोलिसांच्या ऑफिसात रामटेके नावाच्या मॅडम होत्या. खिडकीजवळच्या टेबलावर कलिंगडाच्या फोडींचा डबा उघडा ठेवून त्या टाइप करत होत्या. मायाने एका दमात सगळं सांगितलं, फक्त मुलाचं नाव घेतलं नाही. बोलता बोलता ती दाराकडे बघत होती, जसं काही आता धम्मदीपला धरूनच आणणार आहेत.

"कॅमेऱ्यातलं कधी दिसते, मॅडम?" तिने विचारलं.

"बँकेकडून यायला वेळ लागते, ताई. घाबरून काहून राहिल्या तुम्ही? कोणावर संशय आहे का?"

मायाने पर्स मांडीवर ओढून घेतली. रामटेके मॅडमनी बरंच काही पाहिलेलं असावं, त्यांनी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. "कार्ड आणलं का?" म्हणाल्या.

तिने पाकीट पुढे केलं. मॅडमनी कार्ड बाहेर काढलं, उलटं केलं आणि बारीक अक्षरातलं नाव वाचलं. "गोपिका बारापात्रे कोण?"

"कोण?"

"तुमचं नाव माया घोडेस्वार नं? या कार्डावर गोपिका बारापात्रे आहे."

मायाने चष्मा लावला. त्याच बँकेचं कार्ड, तोच सोनेरी रंग, आणि नाव तिने जन्मात न ऐकलेल्या बाईचं. तीन दिवसांत तिने ती कड किती वेळा पाहिली होती, पण बाहेर काढून एकदाही वाचलं नव्हतं. आहे म्हणजे आपलंच आहे, असं धरून चालली होती.

"शेवटचं कुठं वापरलं होतं?"

आठवायला वेळ लागला नाही. आदल्या रविवारी ती दादाजींसाठी दिवाण बघायला स्कूटरने लकडगंजला गेली होती, गाडी दुकानाच्या दारातच लावली होती. दुकानातल्या बोलघेवड्या माणसाने बयाना घ्यायला कार्ड पाकिटासकट आत नेलं, मशीनला टेकवून पैसे कापले आणि पाकिटात घालून परत दिलं. "पण पिन नाही टाकला मी तिथं," माया म्हणाली. "नुसतं टेकवलं त्यानं. पिन त्याले कसा समजला?"

"पिन काय होता? कार्ड बंद आहे आता, सांगितलं तरी चालते."

तिने सांगितला. रामटेके मॅडमनी खिडकीतून बाहेर उभ्या स्कूटरच्या नंबरप्लेटकडे पाहिलं, मग मायाकडे. "आडनाव कार्डावर, दीक्षेचं वर्ष गाडीवर," त्या हळूच म्हणाल्या. "नागपूरच्या माणसाले आणखी काय सांगावं लागते? या महिन्यात हाच पिन घेऊन आलेल्या तुम्ही तिसऱ्या आहे, ताई." मग त्यांनी कलिंगडाची फोड उचलली, पण खाल्ली नाही. "माझाही हाच होता. परवा बदलला. बदलताना वाईट वाटलं."

माया टेबलावर डोकं टेकून रडली. घर वाचलं म्हणून रडली. मॅडमनी पाण्याचा ग्लास सरकवला.

"ह्या गोपिकाबाई आल्या होत्या का तुमच्याकडे?" डोळे पुसत तिने विचारलं.

"नाही आल्या अजून."

येणार कशा, मायाच्या मनात आलं. त्यांच्याही आलमारीत कोणाचं तरी सोनेरी कार्ड असेल. त्यांच्याही घरात कोणीतरी झोपलेलं असेल आणि त्या दारात उभ्या असतील.

घरी येऊन तिने दादाजींना आणि धम्मदीपला सगळं सांगितलं, लकडगंजच्या माणसाला मनसोक्त शिव्या घातल्या, आणि वरणात मीठही बरोबर घातलं. दादाजी आकड्याचं ऐकून खूप वेळ भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे बघत बसले. धम्मदीप "बरं झालं" एवढंच बोलला. मायाला ते पुरेसं वाटलं. सुटलेल्या माणसाला तेवढंही पुरतं.

नवं कार्ड आलं तेव्हा पिन ठेवायला धम्मदीपच तिला स्कूटरवर बसवून एटीएममध्ये घेऊन गेला. आत दोघंच होती. तिने कार्ड सरकवलं आणि मागून त्याचा आवाज आला, अगदी साधा.

"कॅमेऱ्यात मीच दिसन असं वाटलं होतं नं तुले?"

तिचा हात बटनांवर तसाच राहिला.

"मी जागाच होतो, आई. बँकेशी बोलली तेही ऐकलं. तू डबासुद्धा उघडून पाहिला."

"धम्मू, मी…" वाटलंच नव्हतं असं म्हणावं तर ते खोटं होतं, आणि पोराला ते माहीत होतं. "नवा नंबर सांगते तुले," ती घाईघाईने म्हणाली. "माझं काही बरंवाईट झालं तर असावा तुझ्याजवळ. इकडे ये, पाहून ठेव."

"नको सांगू मले," तो म्हणाला. रागाने नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. "पुढं काही झालं तर मले माहीत नसलेला बरा."

असं म्हणून त्याने तिच्याकडे पाठ केली आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मशीनने आकडा पुन्हा टाकायला सांगितलं. मायाने मागे वळून पाहिलं. जो चेहरा दिसेल म्हणून ती तीन दिवस भीत होती, तो आता तिला दिसत नव्हता. ती त्याला हाक मारत राहिली आणि तो म्हणत राहिला, "टाक आई, मी पाहून नाही राहिलो."