एक कान मोकळा

तिचं वय काही आत्या म्हणवून घेण्याचं नव्हतं, आणि भाऊ नसल्यामुळे ती कुणाची आत्या होण्याची शक्यताही नव्हती. पण ज्या स्टुडिओत ती गाणी मिक्स करायला शिकली, तिथे एखाद्या गायकानं श्वास जरा जोरात घेतला तरी ती असं काही सुनावायची की त्याला घरची आत्या आठवायची. नाव पडलं ते पडलंच. गाणं मिक्स करणं म्हणजे काय, असं शेजारणींनी विचारलं की तिची आई सांगायची, "गाणारे गातात, वाजवणारे वाजवतात. कुणी पुढे यायचं आणि कुणी मागे राहायचं, ते आमची ही ठरवते. घरातही तेच करते."

स्टुडिओच्या मालकांना सगळे काका म्हणत. माणूस गुणी, पण तोंडाला कुलूप नाही. एकदा आत्या सहज बोलून गेली, "माझी स्वतःची खोली असती ना, तर याहून चांगलं काम करून दाखवलं असतं." काका चष्मा पुसत म्हणाले, "आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं." सगळा स्टुडिओ हसला. आत्याही हसली, पण ते वाक्य तिच्या मनात घर करून बसलं. पुढच्याच महिन्यात तिनं नोकरी सोडली. घरातली मागची खोली रिकामी केली, भिंतींना जुन्या रजया टांगल्या, दोन दांडगे स्पीकर मांडले आणि कामाला बसली.

दोन-तीन दिवस झाले नाहीत तोच दाराची घंटा वाजली. खालच्या मजल्यावरची बाई, केस विस्कटलेले, डोळे तारवटलेले.

"ताई, मी नर्स आहे, कायमची रात्रपाळी. तुम्ही दिवसा गाणी लावता आणि मी दिवसा झोपते. झोप झाली नाही तर कुणाचं इंजेक्शन कुणाला जाईल, माझा भरवसा नाही. उद्या तुम्हीच आमच्या वॉर्डात आलात तर?"

आवाज चढवला नाही, नाक मुरडलं नाही, म्हणून ते जास्त लागलं. आत्यानं स्पीकरवर चादर टाकली आणि हेडफोन चढवले.

आठवडाभरानं नर्सबाई पुन्हा दारात. "गाणं बंद झालं, देव तुमचं भलं करो. पण आता तुम्ही गाता."

"मी?"

"मोठ्यानं. आणि पायानं ठेका धरता. तुमची जमीन म्हणजे माझं छत आहे हो."

आतून आईनं लगेच साक्ष दिली. "मी सांगतेच आहे. कान बंद केले की हिला वाटतं जगही बहिरं झालं. काल भाजीवाल्यानं मला विचारलं, तुमच्याकडे कुणी आजारी आहे का?"

आत्याला हसावं की रडावं कळेना. त्या दिवसापासून तिच्या पायाखाली उशी आली आणि तोंडात लवंग. लवंग चघळताना गाता येत नाही, हा आईचा शोध. मग दिवसभर त्या खोलीत एक बाई कानाला हेडफोन लावून, उशीवर पाय आपटत, मान डोलवत बसलेली असायची आणि घरात चिटपाखरूही नसल्यासारखी शांतता. कुणी बाहेरचा बघता तर म्हणाला असता, हिला दाखवून आणा.

आता या धंद्यातला कुठलाही शहाणा माणूस हेच सांगेल, की हेडफोनवर मिक्स करू नये. काकाही म्हणाले होते, "अगं, हेडफोन खोटं बोलतात. गाणं खोलीत ऐकायचं असतं, डोक्यात नाही. तुझी खुर्ची रिकामी ठेवतो. येशील." ठेवा, आत्या मनात म्हणाली, धूळ पुसत बसा. हेडफोन खोटं बोलतात हे तिलाही माहीत होतं. पण रोज खोटं बोलणाऱ्या माणसाची एकदा सवय झाली, की तो कुठे किती फेकतो हे बरोबर कळतं. तिचे हेडफोन खर्ज कमी ऐकवायचे, ती तेवढा मनात वाढवून घ्यायची. असं एकेक गाणं तिनं हातावेगळं केलं, आणि गिऱ्हाईक परत येत राहिलं.

मग आलं नाटकाचं काम. नाटक मंडळी मोठी होती, वर्षभर त्यांचं काही ना काही चालू असायचं आणि सगळं संगीत आजवर काकांच्या स्टुडिओत व्हायचं. दिग्दर्शक स्पष्ट बोलणारे. "आत्या, हे एक गाणं तुम्ही करा. पहिल्या प्रयोगाला काकाही येतील. नाट्यगृहात गाणं उभं राहिलं तर पुढचं सगळं काम तुमच्या घरी. पडलं तर ते काकांकडे जाईल, आणि मला वाटतं, तुम्हीही."

म्हणजे त्या एका गाण्यावर तिची खोली टिकायची किंवा जायची. आत्याला रात्रीची झोप उडायला हवी होती. पण ती घोडे विकून झोपली. तिला गाणं ऐकताक्षणीच कळलं होतं काय करायचं ते.

नाटक होतं नवराबायकोचं. दोघांचं भांडण झालंय, दोन खोल्यांत दोघं, मध्ये भिंत. ती एक ओळ गाते, पलीकडून तो टोला हाणतो. शेवटच्या कडव्यात दार उघडतं. आत्यानं बायकोला ठेवलं पार डाव्या कानात आणि नवऱ्याला पार उजव्या. वाद्यं मागे नेली, मधली जागा मोकळी सोडली. हेडफोनमध्ये ती भिंत अक्षरशः दिसायची. आत्या स्वतःवरच इतकी खूश झाली की लवंग न चघळताच गिळली.

प्रयोग परवावर आला होता. संध्याकाळी नर्सबाई उठायच्या वेळेला ती मोबाईल घेऊन खाली गेली. एव्हाना दोघींचं बरं गूळपीठ जमलं होतं. नर्सबाई ओट्यापाशी उभ्या राहून चहा पीत होत्या.

"सिस्टर, तुमच्या झोपेवर हात न टाकता केलेलं गाणं ऐका."

नर्सबाईंनी इअरफोनचं एक बोंडूक कानात घातलं आणि दुसरं गळ्यात लोंबू दिलं. थोडा वेळ ऐकलं. कपाळाला आठी पडली.

"आवाज गोड आहे. पण ही बाई मध्येच गप्प का होते? आणि कुणी काही बोललेलं नसताना चिडते कशी?"

"नवरा बोलतोय ना. दुसरं बोंडूक घाला की."

"नाही हो, मी एकच घालते. इतकी वर्षं तशीच सवय आहे. एक कान पेशंटसाठी मोकळा लागतो. कुणी हाक मारली तर?"

आत्या हसली. तिचं हसू ओठांवर असतानाच नाट्यगृह तिच्या डोळ्यांपुढे आलं. स्पीकर दोन, एक डाव्या भिंतीला, एक उजव्या. मधल्या चार खुर्च्यांना तिची भिंत दिसली असती. डावीकडच्या कडेला बसलेल्यांना एक बाई उगाच चिडताना ऐकू आली असती आणि उजवीकडच्यांना एक पुरुष स्वतःशी बडबडताना. सगळं प्रेक्षागृह एक कान मोकळा ठेवूनच बसणार होतं. हे शाळकरी पोरालाही कळावं, आणि ती इतक्या दिवसांत विसरली, कारण इतके दिवस प्रत्येक गाणं तिच्या डोक्याच्या मधोमध वाजत होतं. खूप राग आला तिला, आणि तो काढायला स्वतःशिवाय कुणी सापडेना.

"गाणं वाईट आहे का?" नर्सबाईंनी हळूच विचारलं.

"गाणं चांगलं आहे, सिस्टर. मी हवेत होते."

वर येऊन तिनं स्पीकरवरच्या चादरीकडे पाहिलंही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, खाली नर्सबाईंचं दार लागल्याचा आवाज आल्यावर, तिनं हेडफोन चढवले आणि डावा कान उघडा टाकला. दोन्ही बाजू एकत्र करून एकाच कानात घेतल्या. नवराबायको दोघांनाही मधोमध आणून बसवलं. झालं, भिंत गेली, आणि दोघं बाजारात भांडल्यासारखी एकमेकांच्या अंगावर येऊ लागली. आता भिंत बांधायची कशी?

आत्या उठली आणि आईला म्हणाली, "तू आत जा, दार लावून घे आणि मला शिव्या दे."

आईनं ती संधी सोडली नाही. आत्या दाराला कान लावून उभी राहिली. दारापलीकडून आवाज डावा-उजवा होत नाही. त्याची धार जाते, गोलावा उरतो, शब्द रजईत गुंडाळल्यासारखे येतात. आई अजून बोलतच होती, पण आत्या खुर्चीत जाऊन बसलीसुद्धा. बायकोला तिनं जवळ आणि लख्ख ठेवलं, नवऱ्याच्या आवाजाची धार काढून त्याला दाराआड केलं. शेवटच्या कडव्यात दार उघडतं तिथे त्याची धार परत दिली. तो एकदम समोर आला. उशीवर पाय पडायला लागले. चार वाजताचा चहा आईनं समोर ठेवला तो तसाच निवला.

नर्सबाई उठल्यावर ती पुन्हा खाली गेली. या वेळी त्यांच्या ओट्यावरच्या एवढ्याशा स्पीकरवर गाणं लावलं, नळ चालू, गॅसवर आधण. नर्सबाई भाजी चिरत ऐकत राहिल्या. शेवटच्या कडव्याला त्यांची सुरी थांबली.

"आला बाई बाहेर," त्या म्हणाल्या. "मिटलं."

आत्यानं त्यांच्या हातात दुसऱ्या दिवशीच्या प्रयोगाचा पास ठेवला. दुपारचा प्रयोग, म्हणजे नर्सबाईंची मध्यरात्र. तरी त्या आल्या, इस्त्रीची साडी नेसून, तारवटलेल्या डोळ्यांनी. आत्यानं मुद्दाम डावीकडच्या अगदी कडेच्या खुर्च्या घेतल्या. जिथे पडायचं तिथेच बसून बघू. काका मधल्या रांगेत होते, हाताची घडी घालून.

दिवे गेले. गाणं सुरू झालं. बायको गायली, आणि दाराआडून नवऱ्याचा टोला आला, डाव्या कडेलाही नीट आला. उजव्या कडेच्या रांगेत कुणीतरी हसलं, मग मधली रांग हसली. कुठल्या कडेला किती पोचलं हे मोजायची आत्याला गरज राहिली नाही. शेवटच्या कडव्यात नवऱ्याचा आवाज सगळ्या नाट्यगृहात मोकळा झाला, तेव्हा टाळी पडली ती थेट मागच्या भिंतीपासून. आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते येऊ दिलं. माझी खोली राहिली, ती मनात म्हणाली, राहिली.

मध्यंतरात काका खुर्च्यांमधून वाट काढत आले, मागोमाग दिग्दर्शक. दिग्दर्शकांचा चेहरा बघूनच पुढचं काम कुठे जाणार ते कळत होतं. काकांनी कधी नव्हे ते टाळीसाठी हात पुढे केला आणि त्यांच्या त्या नेहमीच्या खणखणीत आवाजात सुरू झाले, "आत्या, खरं सांग, कुणाच्या स्टुडिओत जाऊन..."

आत्यानं टाळी दिली नाही. उठलीही नाही. तिच्या खांद्यावर डोकं टेकून, एवढ्या गाण्याच्या आणि टाळ्यांच्या गदारोळात, नर्सबाई गाढ झोपल्या होत्या.

"काका," ती ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "हळू बोला. यांची रात्रपाळी आहे."