तार कापलेला लाल खटका

मित्रांनो, पिवळ्या डबीवर बसलेला, कडेला रंग उडालेला हा जुना लाल खटका म्हणजे मी. मोठ्या यंत्राजवळ असा एक खटका असतो. तो दाबला की चालते यंत्र जागच्या जागी थांबते. माझा जन्म या एकाच कामासाठी झाला आणि नेमके तेच माझ्याकडून एकदा झाले नाही. त्या दिवसाची भीती अजून गेलेली नाही. मला नीट सांगता येईल का, ठाऊक नाही. तरी सांगतो.

मला डबीत बसवले ते फिटरकाकांनी. तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत एक तरुण संशोधक बाई खोकी उचलणारा यंत्राचा हात बनवत होत्या. काका त्यांना ताई म्हणत. लोखंडी हात माणसाच्या दुप्पट उंच होता. ताईंचा एक नेम होता. सकाळी आल्या की हात रिकामाच हलवायचा, मला दाबायचे आणि तो थांबला तरच कामाला लागायचे.

"आधी थांबतो का बघू, काका. चालतो का ते नंतर."

"ताई, नवरा निवडतानाही असंच बघितलंत का?"

"तिथेच चुकलं ना! बोलायला लागला की थांबतच नाही."

अशी नऊ वर्षे गेली. ताईंच्या तळव्याने माझा रंग झिजला. मला त्याचा अभिमान वाटे.

पुढे त्या यंत्राचे नाव झाले, त्यावर कंपनी उभी राहिली आणि ताई तिच्या प्रमुख झाल्या. नव्या यंत्राला थांबवायची सोय संगणकाच्या पडद्यावर आली. माझी तार कापली गेली आणि मी सातव्या मजल्यावर ताईंच्या काचेच्या टेबलावर शोभेला जाऊन बसलो. पाहुणे मला दाबून हसत. फोन आवरेनासे झाले की ताईही माझ्यावर थाप मारत, "थांबा रे बाबांनो सगळे!" काहीच थांबत नसे. माझे कौतुक होई आणि मला मात्र धडकी भरे. तार गेली होती, पण ताईंच्या हाताची सवय गेली नव्हती.

एका दुपारी गिऱ्हाईक मंडळी नवे यंत्र पाहायला येणार होती. ताईंनी मला खाली नेऊन यंत्रासमोर ठेवले.

"आपली सुरुवात याच्यापासून झाली. दिसू दे त्यांना."

काका माझ्या तारेचे तुटके टोक चाचपत उभे राहिले. "ताई, इथे ठेवायचा तर जोडून ठेवू. तासभर लागेल."

"तासभर कुठला, काका? मंडळी जिन्यात आहेत. पडद्यावर सोय आहेच की."

"मग निदान ती तरी बघू. थांबतो का ते."

"आता तुम्ही मला शिकवणार का?" ताई हसल्या, पण घड्याळाकडे बघत.

यंत्र सुरू झाले. तिसरे खोके तिरके बसले. ते सरळ करायला काका यंत्राभोवती आखलेल्या पिवळ्या रेघेच्या आत गेले. मला सारे दिसत होते, पण ओरडायला तोंड नव्हते. लोखंडी बोटांत त्यांची बाही सापडली आणि यंत्राचा हात वळू लागला.

"ताई!"

ताईंनी झेप घेऊन मला दाबले. एकदा. पुन्हा. मग दोन्ही हातांनी. पडद्यापाशी बसलेल्या ऑपरेटरने ते पाहिले आणि आपले बोट मागे घेतले. त्याला वाटले, आता थांबलेच. थांबले नाही. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

"तार नाही त्याला!" काकाच ओरडले. "पडद्यावर दाब!"

मग यंत्र थांबले.

काका वाचले. उजवी मूठ मात्र आता पुरती मिटत नाही. ताई दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसल्या होत्या, तेव्हा मी ताईंच्या पिशवीत होतो.

"तासच मागितला होतात, काका," ताई डोळे पुसत म्हणाल्या.

"रडू नका. त्याला जोडा, नाहीतर फेकून द्या. पण तसा ठेवू नका."

ताईंनी मला जोडले. आता रोज सकाळी सातव्या मजल्यावर जाण्याआधी त्या तळमजल्यावर येतात. यंत्र हलते, त्यांचा तळवा माझ्यावर येतो आणि तेवढ्यात माझा जीव थरथरतो. आज थांबले नाही तर?

मित्रांनो, माझ्या लाल रंगावर भरवसा ठेवू नका. घाई असली तरी आधी मला दाबून बघा. यंत्राच्या त्या टोकाला कुणाची तरी बाही असते.